कर घटला, पण पुढच्या यंत्राचा खर्च किती घटला? सप्टेंबर २०१९ च्या कंपनी करकपातीचा प्रकरण अभ्यास

वस्तू व सेवा कर परिषदेच्या ३७ व्या बैठकीसाठी गोव्यात आलेल्या केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २० सप्टेंबर २०१९ रोजी, बैठक सुरू होण्यापूर्वीच, पत्रकार परिषद घेऊन कंपनी करात मोठी कपात जाहीर केली. सवलती व वजावटी सोडून देण्यास तयार असलेल्या देशी कंपन्यांसाठी मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला. अधिभार आणि उपकर धरून मोठ्या कंपनीवरचा प्रत्यक्ष भार ३४.९४ टक्क्यांवरून २५.१७ टक्क्यांवर उतरला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी किंवा त्यानंतर स्थापन होणाऱ्या आणि ३१ मार्च २०२३ पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या उत्पादक कंपन्यांसाठी मूळ दर १५ टक्के, म्हणजे सर्व धरून १७.१६ टक्के ठरला. जुन्याच पद्धतीत राहू इच्छिणाऱ्यांसाठी किमान पर्यायी कर, ज्याला सगळे ‘मॅट’ म्हणतात, १८.५ वरून १५ टक्के करण्यात आला. या सर्वांपोटी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंकांनी चढला.

घोषणेमागची निकड उघड होती. एप्रिल ते जून २०१९ या तिमाहीत आर्थिक वाढीचा दर ५ टक्क्यांवर घसरल्याचे आकडे नुकतेच आले होते. ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली होती, आणि त्याचा फटका पिंपरी-चिंचवड, चाकणपासून गुरुग्राम, चेन्नईपर्यंतच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना बसत होता. कर कमी केल्याने कंपन्यांच्या हाती पैसा राहील, त्यातून त्या गुंतवणूक करतील, गुंतवणुकीतून उत्पादकता व रोजगार वाढेल आणि शेवटी सामान्य माणसाचे राहणीमान सुधारेल, अशी ही साखळी मांडली गेली. या लेखात त्या साखळीचा एकेक दुवा तपासायचा आहे. त्यासाठी जी मोजपट्टी वापरली आहे, ती डेल जॉर्गेन्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाची आहे. कर, गुंतवणूक, उत्पादकता आणि लोककल्याण या चारही गोष्टी एकाच हिशेबात बसवण्याचा ध्यास त्यांनी साठ वर्षे घेतला होता.

जॉर्गेन्सन यांची मोजपट्टी

जॉर्गेन्सन १९३३ साली माँटाना राज्यातील बोझमन येथे जन्मले. हार्वर्डमध्ये वासिली लिऑन्टिफ यांच्या हाताखाली त्यांनी १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळवली, बर्कली येथे दहा वर्षे शिकवले आणि १९६९ पासून २०२२ मध्ये निधन होईपर्यंत ते हार्वर्डमध्ये होते. १९६३ मध्ये त्यांनी गुंतवणुकीचा प्रश्न एका नव्या बाजूने मांडला. कंपनी यंत्र विकत घेते ते त्याच्या किमतीकडे पाहून नव्हे, तर ते यंत्र एक वर्ष जवळ बाळगण्यासाठी किती खर्च येतो हे पाहून, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने स्वतःचेच यंत्र स्वतःला भाड्याने दिले, तर ते भाडे किती असावे? त्या यंत्रात अडकलेल्या पैशावरचा परतावा, वर्षभराची झीज आणि या दोन्हींवर कराचा जो परिणाम होतो तो, या तिन्हींचा मेळ म्हणजे भांडवलाचा वापर-खर्च. मालाला मागणी किती आहे आणि हा वापर-खर्च किती आहे, या दोहोंच्या गुणोत्तरावर कंपनीला किती यंत्रे हवीत ते ठरते.

करधोरणाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की वापर-खर्चात करदर दोन ठिकाणी, आणि तेही विरुद्ध दिशांनी येतो. दर जास्त असेल तर यंत्राच्या कमाईतला मोठा वाटा सरकार घेते, त्यामुळे खर्च वाढतो. पण दर जास्त असेल तर घसाऱ्याच्या, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी करपात्र नफ्यातून मिळणाऱ्या, वजावटीतून वाचणारा करही जास्त असतो, त्यामुळे खर्च कमी होतो. म्हणून केवळ दर पाहून गुंतवणुकीबद्दल काहीच सांगता येत नाही. घसारा किती आणि किती लवकर मिळतो, पैसा स्वतःचा आहे की कर्जाचा, हे धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

१९६७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉल यांच्यासह जॉर्गेन्सन यांनी ही पट्टी अमेरिकेच्या करबदलांना लावली. १९५४ मध्ये तेथे जलद घसाऱ्याला मुभा मिळाली होती आणि १९६२ मध्ये यंत्रसामग्रीच्या खरेदीवर ७ टक्के करसवलत देण्यात आली होती. अशा सवलतींचा गुंतवणुकीच्या आकारावर आणि ती कधी होते यावर मोठा परिणाम होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर टीकाही झाली. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट आयस्नर यांचे म्हणणे असे की, यंत्र व श्रम एकमेकांची जागा किती सहज घेतात याबद्दलचे गृहीतकच या निष्कर्षाला फार मोठे करते. प्रत्यक्षात गुंतवणूक मुख्यतः मागणीच्या मागे धावते. दुसरे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी १९७६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याच करसवलतीचे उदाहरण घेऊन वेगळा मुद्दा मांडला: सवलत येईल-जाईल हे कंपन्यांना कळू लागले की त्या वाट पाहतात किंवा घाई करतात, आणि जुन्या आकड्यांवरून काढलेला परिणाम लागू पडत नाही. अमेरिकेत हे घडतच होते. ऑक्टोबर १९६६ मध्ये ती सवलत स्थगित झाली, मार्च १९६७ मध्ये पुन्हा आली, १९६९ मध्ये रद्द झाली आणि १९७१ मध्ये परत मिळाली.

या तीनही गोष्टी, म्हणजे वापर-खर्च, मागणी आणि सवलतीच्या मुदतीबद्दलची अपेक्षा, २०१९ च्या प्रकरणात उपयोगी पडतात.

एक कोटीचे यंत्र

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला सीएनसी जातीचे, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणारे, एक कोटी रुपयांचे यंत्र घ्यायचे आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून यंत्राची खरी झीज वर्षाला १५ टक्के धरू, म्हणजे आयकर कायद्यातील सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याइतकीच. कंपनी स्वतःच्या पैशावर करोत्तर १० टक्के परतावा अपेक्षित धरते आणि महागाई बाजूला ठेवली आहे. कर मुळीच नसता तर या यंत्राने वर्षाला २५ लाख रुपये मिळवून देणे पुरेसे ठरले असते: १० लाख परतावा आणि १५ लाख झीज.

जुन्या पद्धतीत उत्पादक कंपनीला पहिल्या वर्षी १५ टक्के नेहमीचा आणि २० टक्के अतिरिक्त असा ३५ टक्के घसारा मिळत असे. त्यानंतर शिल्लक मूल्यावर दरवर्षी १५ टक्के. (पहिल्या वर्षी पूर्ण घसारा मिळण्यासाठी त्या वर्षात यंत्र किमान १८० दिवस वापरात असले पाहिजे, ही अट तिथे आहेच.) या सगळ्या वजावटींचे आजचे मूल्य, म्हणजे पुढे मिळणारी रक्कम १० टक्के दराने आज केवढ्याची ठरते ते, काढले तर एक कोटीपैकी सुमारे ६७ लाख होते, आणि ३४.९४ टक्के दराने त्यावर साडेतेवीस लाख रुपये कर वाचतो. म्हणजे यंत्र कंपनीला प्रत्यक्षात साडेशहात्तर लाखांना पडते. पण त्याच्या कमाईतले दर शंभर रुपयांतले पस्तीस सरकारला जात असल्याने त्याने वर्षाला २९.४ लाख रुपये मिळवले तरच ते परवडते.

आता नवी पद्धत. दर २५.१७ टक्के, पण तो स्वीकारताना अतिरिक्त घसारा सोडावा लागतो. सवलती सोडण्याची जी अट वर आली, तिच्यातील ही सर्वांत जड वस्तू. घसाऱ्याचे आजचे मूल्य ६० लाखांवर येते, करबचत १५.१ लाखांवर, आणि यंत्र कंपनीला सुमारे ८५ लाखांना पडते, म्हणजे पूर्वीपेक्षा साडेआठ लाखांनी महाग. कमाईवरचा कर कमी झाल्याने अखेरीस वापर-खर्च २८.४ लाख होतो. करदर २८ टक्क्यांनी उतरला, नव्या यंत्राचा वापर-खर्च मात्र साडेतीन टक्क्यांनी. नव्याने स्थापन झालेल्या, १७.१६ टक्के दराच्या कंपनीसाठी हाच आकडा २७.१ लाख येतो. तिथली घट लक्षात घेण्याजोगी आहे.

हा झाला स्वतःच्या पैशाचा हिशेब. यंत्र १० टक्के व्याजाच्या कर्जावर घेतले, तर व्याजाची वजावट मिळते, आणि तिचेही मूल्य करदर उतरताच कमी होते. जुन्या पद्धतीत कर्जावरच्या त्या यंत्राचा वापर-खर्च २४.३ लाख होता. नव्या पद्धतीत तो बरोबर २५ लाख येतो. खर्च वाढला. यात चमत्कार काही नाही: कायद्यातला घसारा खऱ्या झिजेइतका असेल आणि व्याज पूर्ण वजा होत असेल, तर कर्जावरच्या यंत्राबाबत करदर ३५ असो की १५, तो हिशेबातून गळूनच पडतो. जॉर्गेन्सन व त्यांच्या पिढीतील करतज्ज्ञांनी हे अनेकदा दाखवले आहे. भारतातील कारखाने यंत्रखरेदीसाठी बँकांच्या मुदत कर्जावर किती विसंबून असतात, हे ज्यांनी कोणत्याही मध्यम कंपनीचा ताळेबंद चाळला आहे त्यांना सांगायला नको.

मध्यम कंपन्यांची गोष्ट तर आणखी निराळी आहे. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पातच, ज्यांची २०१७-१८ मधील उलाढाल ४०० कोटींपर्यंत होती अशा कंपन्यांचा मूळ दर २५ टक्के झाला होता, आणि त्यात ९९.३ टक्के कंपन्या येतात असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले होते. म्हणजे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत गाजलेली ३५ वरून २५ ची घसरण संख्येने फार थोड्या, पण आकाराने फार मोठ्या कंपन्यांसाठी होती. दहा कोटींहून अधिक उत्पन्न असलेल्या, पण ४०० कोटींच्या आतल्या कंपनीचा जुना भार २९.१२ टक्के. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राचा तिचा वापर-खर्च जुन्या पद्धतीत २८.४ लाख, नव्या पद्धतीतही २८.४ लाख. काडीचाही फरक नाही. नव्या दरात जाणे तिच्या फायद्याचे होते, यात शंका नाही. पण तो फायदा आधीच उभ्या असलेल्या यंत्रांच्या नफ्यावर होता, पुढच्या यंत्रावर नव्हता. आणि एकदा हा पर्याय घेतला की मागे फिरता येत नाही.

माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. शंभर कोटी करपात्र नफा मिळवणाऱ्या मोठ्या कंपनीला एकही नवे यंत्र न घेता, केवळ अर्ज भरून, वर्षाला ९ कोटी ७७ लाख रुपये वाचवता येत होते. सोडलेल्या महसुलाचा मोठा भाग अशा, आधीच झालेल्या गुंतवणुकीच्या फळांवर खर्च झाला. याच्या उलट, दर ३४.९४ टक्केच ठेवून यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करू दिली असती, तर वरच्याच गृहीतकांवर मोठ्या कंपनीचा वापर-खर्च २६.२ लाखांवर आला असता, म्हणजे १५ टक्के दराच्या नव्या कंपनीपेक्षाही खाली. त्यात जुन्या यंत्रांना एक पैसाही मिळाला नसता, आणि सरकारचा बराचसा महसूल बुडण्याऐवजी केवळ पुढे ढकलला गेला असता. १९८० मध्ये जॉर्गेन्सन यांनी ॲलन ऑअरबाख यांच्यासह अशीच एक पद्धत सुचवली होती: यंत्राच्या पुढील सर्व झिजेचे आजचे मूल्य पहिल्याच वर्षी वजा करू द्यावे, म्हणजे महागाईने घसाऱ्याचे मूल्य खाऊन टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेने ती स्वीकारली नाही. १९८१ मध्ये तेथे वेगळीच जलद घसारा पद्धत आली आणि १९८६ मध्ये दर ४६ वरून ३४ टक्क्यांवर आणताना यंत्रखरेदीची सवलत रद्द झाली. दर खाली आणि सवलती बाद, हाच साचा आपल्याकडे तेहतीस वर्षांनी आला.

निर्णयाच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कारखाना भारतात काढावा की व्हिएतनाममध्ये, हे ठरवणारी परदेशी कंपनी एकेका यंत्राच्या वापर-खर्चाचा विचार करत नाही. ती एकूण नफ्यातला किती हिस्सा करात जाईल ते पाहते, आणि तिथे जाहीर दराला वजन असते. चीनमधून कारखाने हलवण्याची चर्चा ऐन भरात असताना १७ टक्क्यांचा आकडा आपल्या पदरी असणे हा युक्तिवाद वजनदार होता. फक्त तो १५ टक्क्यांच्या तरतुदीला लागू होतो; ज्या तरतुदीत बहुतेक महसूल गेला, त्या २२ टक्क्यांच्या तरतुदीला नाही.

पैसा गेला कुठे

रिझर्व्ह बँकेच्या २०१९-२० च्या वार्षिक अहवालाने याचे उत्तर लवकरच दिले. करकपातीतून मिळालेला पैसा भांडवली खर्चाचे चक्र पुन्हा सुरू करण्याऐवजी कर्जफेडीसाठी, रोख शिल्लक वाढवण्यासाठी आणि इतर चालू मालमत्तेसाठी वापरला गेला, असे त्यात नमूद आहे. ऑगस्ट २०२० मध्ये टाळेबंदीच्या छायेत आलेल्या या निरीक्षणावरून कंपन्यांना लगेच दोषी ठरवणे बरोबर नाही. कारखान्यांचा क्षमता वापर २०१९ च्या उत्तरार्धात ७० टक्क्यांच्या आसपास होता. दहापैकी तीन यंत्रे बसून असताना अकरावे घेण्यात शहाणपण नाही. गाड्यांची मागणी ३१ टक्क्यांनी घटलेली असताना साडेतीन टक्क्यांनी स्वस्त झालेल्या यंत्राकडे कोण पाहणार? जॉर्गेन्सन यांच्या समीकरणात मागणी अंशस्थानी आहे आणि वापर-खर्च छेदस्थानी. त्या वर्षी अंश कोसळत होता. आयस्नर यांची टीका इथे अचूक लागू पडते, आणि गंमत अशी की ती जॉर्गेन्सन यांच्या समीकरणाच्या चौकटीतच बसते.

पुढे मागणी सावरली. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्लीतील एका परिषदेत खुद्द अर्थमंत्र्यांनी उद्योजकांना विचारले की, तुम्हाला अडवते आहे तरी काय. स्वतःच्या शक्तीचा विसर पडलेल्या हनुमंतासारखी तुमची स्थिती झाली आहे का? दर कमी केला, प्रोत्साहन योजना दिल्या, तरी गुंतवणूक का येत नाही, हा त्यामागचा रोख होता. दोन वर्षांनी २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालाने हाच प्रश्न आकड्यांत मांडला. ३३ हजारांहून अधिक कंपन्यांच्या ताळेबंदांनुसार २०१९-२० ते २०२२-२३ या काळात त्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला. दुसरीकडे, २०१८-१९ ते २०२२-२३ या चार वर्षांत खासगी बिगर-वित्तीय क्षेत्राची यंत्रसामग्री व बौद्धिक संपदेतील गुंतवणूक चालू किमतींनुसार फक्त ३५ टक्क्यांनी वाढली, तर घरे, इमारती व बांधकामांतील गुंतवणूक १०५ टक्क्यांनी. हे मिश्रण निरोगी नाही, असा शेराही त्या सरकारी अहवालातच आहे. चालू किमतींतल्या ३५ टक्क्यांतून चार वर्षांची महागाई वजा केली तर हाती फारसे उरत नाही.

लुकास यांचा मुद्दा १५ टक्क्यांच्या तरतुदीबाबत समोर आला. जमीन, वीजजोडणी, पर्यावरण परवाने, यंत्रांची आयात, एवढे सारे उरकून साडेतीन वर्षांत उत्पादन सुरू करायचे, आणि त्यातली दोन वर्षे महामारीत गेली. २०२२ च्या अर्थसंकल्पाने मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत वाढवली. त्यानंतर ती वाढली नाही. ज्यांना ती आणखी वाढेल असे वाटत होते त्यांनी थांबून पाहिले असणार, आणि ज्यांना ती वाढणार नाही असे वाटत होते त्यांच्यापैकी पुष्कळांना उरलेल्या वेळात कारखाना उभा करणे शक्यच नव्हते. याच काळात उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनाही चालू होती, त्यामुळे जे कारखाने उभे राहिले त्यांचे श्रेय कोणत्या योजनेला द्यायचे हे वेगळे काढणे अवघड आहे.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण घेण्याजोगे आहे, कारण तेथे दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या. २०१७ च्या कायद्याने दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला आणि सोबत यंत्राची पूर्ण किंमत पहिल्या वर्षी वजा करण्याची मुभा दिली. गॅब्रिएल चोदोरो-राइश, ओवेन झिडार आणि एरिक झ्विक यांच्या अभ्यासानुसार कंपन्यांची गुंतवणूक सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. मात्र गमावलेल्या दर डॉलरमागे पहिल्या वर्षीच्या पूर्ण वजावटीने दरकपातीपेक्षा जास्त गुंतवणूक मिळवून दिली. जुन्या भांडवलाला बक्षीस द्यायचे की नव्या भांडवलाला वाट करून द्यायची, हा फरक तेथेही तसाच दिसला.

उत्पादकतेचा दुवा

इमारती १०५ टक्के आणि यंत्रे ३५ टक्के, हा फरक उत्पादकतेच्या हिशेबात वाटतो त्याहून गंभीर आहे. जॉर्गेन्सन आणि झ्वी ग्रिलिखेस यांनी १९६७ मध्ये भांडवल मोजण्याची रीत बदलली. एक कोटीची इमारत आणि एक कोटीचे यंत्र यांची बेरीज दोन कोटी भांडवल अशी करणे चूक आहे, असे त्यांनी दाखवले. वर्षभरात दोघांकडून मिळणारी सेवा सारखी नसते. वर्षाला १५ टक्के झिजणाऱ्या यंत्राने आपल्या आयुष्यातच किंमत फेडायची असल्याने त्याला दरवर्षी २५ लाखांची सेवा द्यावी लागते. पन्नास वर्षे टिकणाऱ्या इमारतीला त्याच्या निम्म्याहून कमी दिली तरी चालते. म्हणून प्रत्येक प्रकारच्या भांडवलाचे वजन त्याच्या वापर-खर्चाने ठरवायचे. ही रीत वापरली तर त्या चार वर्षांतील गुंतवणुकीचा रुपयांतला आकडा जेवढा दिसतो, त्याहून भांडवली सेवांतील वाढ कमी भरते, कारण वाढ कमी सेवा देणाऱ्या बाजूला झुकलेली आहे.

ही केवळ परदेशी पुस्तकातली रीत नाही. जॉर्गेन्सन यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये हार्वर्ड येथे जागतिक ‘क्लेम्स’ उपक्रम सुरू झाला. भांडवल, श्रम, ऊर्जा, कच्चा माल आणि सेवा या पाच घटकांत प्रत्येक उद्योगाचा हिशेब मांडणारा. भारताचा ‘इंडिया क्लेम्स’ संच के. एल. कृष्णा, बिश्वनाथ गोल्डर आदी अर्थशास्त्रज्ञांनी उभा केला आणि आता तो रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर, २७ उद्योगांसाठी, सर्वांना खुला आहे. रोजगाराच्या आकड्यांसाठी त्याचा हवाला राजकीय वादांत हल्ली वारंवार दिला जातो. भांडवली सेवांचे त्यातले रकाने मात्र क्वचितच कुणी उघडतो.

त्यातही करसवलतीमुळे यंत्रे आली तरी उत्पादकता वाढेलच असे नाही. अमेरिकेतील कारखान्यांच्या गोपनीय जनगणना आकडेवारीवर मार्क कर्टिस, डॅनियल गॅरेट, एरिक ओर्न, केव्हिन रॉबर्ट्स आणि हुआन कार्लोस सुआरेझ सेराटो यांनी केलेल्या अभ्यासात जलद घसाऱ्यामुळे गुंतवणूक व रोजगार दोन्ही वाढले. वेतन आणि उत्पादकता मात्र वाढली नाही. खर्च उतरला, म्हणून कारखान्यांनी आहे तेच जास्त प्रमाणात केले. रोजगाराची चणचण असलेल्या देशाला हा निष्कर्ष वाईट नाही. पण करकपात ते उत्पादकता हा दुवा गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

राहणीमानाचा हिशेब

देशाचे कल्याण उत्पादनाच्या नव्हे, तर कुटुंबांच्या उपभोगाच्या मोजमापाने ठरवावे, असा जॉर्गेन्सन यांचा आग्रह होता; डॅनियल स्लेसनिक यांच्यासह त्यांनी त्याची पद्धतही घडवली. त्या दृष्टीने पाहिले तर एका कराची कपात एकटी तपासताच येत नाही. तो पैसा कुणाकडून तरी येतो, आणि त्याचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांचा उपभोगही हिशेबात घ्यावा लागतो.

कंपनी कराचे संकलन २०१८-१९ मध्ये ६.६४ लाख कोटी होते. ते २०१९-२० मध्ये ५.५७ आणि २०२०-२१ मध्ये ४.५८ लाख कोटींवर आले. त्यानंतर नफ्यांबरोबर ते वाढले आणि २०२३-२४ मध्ये ९.११ लाख कोटींवर पोहोचले. कपातीने महसूल बुडाला नाही, असा दावा याच आकड्याच्या आधारे केला जातो. पण चौपट झालेल्या नफ्यानंतरही सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत हा कर २०१८-१९ मधील सुमारे ३.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपासच होता. २०२०-२१ मध्ये वैयक्तिक प्राप्तिकराचे संकलन कंपनी कराच्या पुढे गेले, आणि २०२२-२३ व २०२३-२४ मध्येही ते पुढेच होते. २०२० च्या मार्च आणि मे महिन्यांत पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्क वाढवले गेले आणि केंद्रीय उत्पादन शुल्काचे एकूण संकलन एका वर्षात सुमारे २.४ वरून ३.९ लाख कोटींवर गेले. त्याचे मोठे कारण महामारी होती, करकपात नव्हे. तरीही कराचा भार नफ्यावरून पगारावर आणि इंधनावर सरकला हे आकड्यांत स्पष्ट दिसते, आणि डिझेलचा दर भाजीच्या दरात शिरतो.

कामगाराच्या पदरात काय पडले? २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार २०२३-२४ मध्ये मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांचे नफे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत पंधरा वर्षांतील उच्चांकावर, ४.८ टक्क्यांवर होते. त्याच वर्षी त्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार १.५ टक्क्यांनी. नफा आणि वेतन यांतली ही दरी मागणीलाच मारक ठरेल, अशी चिंता त्यात व्यक्त झाली आहे. ज्या मागणीच्या अभावामुळे २०१९ मध्ये यंत्रे बसून होती, तिच्याशी या चिंतेचे नाते सरळ आहे. मधल्या काळात रस्ते, रेल्वे आदींसह केंद्र सरकारचा एकूण भांडवली खर्च २०१९-२० मधील ३.३६ लाख कोटींवरून २०२३-२४ मध्ये साडेनऊ लाख कोटींच्या घरात गेला. खासगी क्षेत्राने जे ओझे उचलावे म्हणून कर कमी केला, ते सरकारनेच उचलले.

या प्रकरणाचा अंतिम निवाडा अजून व्हायचा आहे, आणि तो करण्याचे साधन कायद्यानेच नकळत देऊन ठेवले आहे. ४०० कोटींची मर्यादा २०१७-१८ च्या, म्हणजे घोषणेपूर्वीच संपलेल्या वर्षाच्या उलाढालीवर बेतलेली होती. तिच्याशी खेळण्याची संधी कोणत्याही कंपनीला नव्हती. त्या वर्षी ३८० कोटींची उलाढाल असलेली आणि ४२० कोटींची असलेली, अशा दोन कंपन्या बाकी सर्व बाबतींत सारख्याच, पण एकीचा भार सप्टेंबर २०१९ मध्ये सुमारे २९ वरून २५ वर आला आणि दुसरीचा सुमारे ३५ वरून. दरकपातीने यंत्रे येत असतील, तर पुढच्या पाच वर्षांत या रेषेच्या दोन बाजूंच्या कंपन्यांच्या स्थिर मालमत्तेत फरक दिसला पाहिजे. वर मांडलेला वापर-खर्चाचा हिशेब बरोबर असेल, तर तो स्वतःच्या पैशाने यंत्रे घेणाऱ्यांत थोडासा दिसेल आणि कर्जावर घेणाऱ्यांत जवळजवळ नाहीच. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दरवर्षी दाखल होणाऱ्या ताळेबंदांत आणि प्राप्तिकर विभागाकडील विवरणपत्रांतल्या घसाऱ्याच्या तक्त्यांत यासाठी लागणारी प्रत्येक नोंद आहे.